विद्वानांचे एकमत आणि शास्त्राची विश्वसनीयता

‘ह्या बाबतीत सर्व विद्वानांचे एकमत आहे’ हे वाक्य धर्मविषयक चर्चेत आज वारंवार कानी पडते. बायबलमधील अमुक उतारा मुळातला नाही, तमुक पुस्तक ज्याच्या नावावर आहे त्याने ते लिहिलेले नाही, शुभवर्तमाने फार उशिरा रचली गेली, अशी विधाने पूर्वी ग्रंथालयांत राहत. आता ती मोबाईलवरील चित्रफितींतून घराघरांत पोहोचली आहेत. इंदूरच्या सुदामा नगरासारख्या वसाहतीत ज्ञानेश्वरीचे पारायण करणारे मराठी कुटुंब आणि रविवारी मिस्साला जाणारे कुटुंब एकमेकांच्या शेजारी राहतात. तेथे हा प्रश्न धर्मशिक्षकाला दोन्ही बाजूंनी गाठतो. वर्गातील तरुण विचारतो, ‘आपले बायबल बदलले गेले आहे, हे खरे काय?’ आणि शेजारी विचारतात, ‘तुमच्याच विद्वानांनी हे मान्य केले आहे ना?’

ह्या प्रश्नाला आपल्यात सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. विद्वानांचे सिद्धांत दर पिढीला बदलतात, सबब त्यांच्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही, हे एक. विद्वानांनी निर्णय दिला आहे, तेव्हा तो मुकाट्याने स्वीकारावा, प्रवचनात मात्र तो विषय काढू नये, हे दुसरे. प्रस्तुत लेखकाच्या मते ही दोन्ही उत्तरे एकाच आळसातून निघालेली आहेत. एकमत कोणत्या आधारावर उभे आहे हे तपासण्याचे कष्ट दोन्ही टाळतात. वास्तविक काही एकमत हस्तलिखितांच्या साक्षीवर उभे असते, काही अनुमानावर, तर काही त्या त्या काळच्या गृहीतांवर. ह्या तिहींना सारखाच मान देणे जसे चुकीचे, तसेच तिहींना सारखेच झिडकारणेही चुकीचे होय. हा विवेक कसा करावा, ह्याचा एक उत्तम वस्तुपाठ आपल्या मराठी प्रदेशातच, पुण्यात, महाभारताच्या निमित्ताने घालून दिला गेला आहे. त्याचा विचार करण्यापूर्वी आपल्याच परंपरेतील एका जुन्या वादाकडे वळून पाहणे आवश्यक आहे.

मुंबईतील जुने वाद

१८३१ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर ह्यांच्यात जाहीर वाद झाला. दांडेकरांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक प्रसिद्ध केले व विल्सन ह्यांनी १८३२ मध्ये त्यास ग्रंथरूपाने उत्तर दिले. पुढे १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी ह्यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी अनेक सायंकाळी वादविवाद केला. त्याचा वृत्तांत अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन ह्यांनी प्रसिद्ध केला. मराठी भाषेतील धर्मविषयक गद्याच्या वाढीला ह्या वादांनी हातभार लावला, ह्यात शंका नाही.

परंतु आज ह्या वादांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. दोन्ही पक्षांनी समोरच्याच्या शास्त्राला कठोरातील कठोर कसोटी लावली, आणि आपल्या शास्त्राला ती लावण्याची वेळ आली तेव्हा हात आखडता घेतला. पुराणांतील परस्परविरोध, त्यांचा अनिश्चित काळ, त्यांतील कथांचे स्वरूप ह्यांवर मिशनरी पक्षाचा भर होता. हे कोणी पाहिले, कोणी लिहिले, केव्हा लिहिले, असे प्रश्न तो विचारीत होता. पण त्याच दशकात हेच प्रश्न युरोपात शुभवर्तमानांना विचारले जात होते. डेव्हिड स्ट्राउस ह्यांच्या येशूचरित्राने ज्या १८३५ साली तिकडे खळबळ उडविली, ते साल दांडेकर-विल्सन वादानंतर अवघ्या चार वर्षांनी येते. ज्या मापाने आपण शेजाऱ्याचे शास्त्र मापतो, तेच माप आपल्याला लावले जाईल, हे प्रभूच्या शिष्यांना निराळे सांगावयास नको होते.

ह्या वादांत दुसरीही एक उणीव होती. शास्त्र विश्वसनीय की अविश्वसनीय ह्यावर उभय पक्ष हिरिरीने बोलले, पण ‘शास्त्र’ म्हणजे नेमका कोणता पाठ, ही प्राथमिक चौकशी बहुतांशी राहूनच गेली. ही चौकशी पाश्चात्त्यांनी आणलेली आहे, असेही समजू नये. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, कारण प्रती करणाऱ्यांच्या हातून पाठात भेसळ झालेली त्यांना दिसत होती. महाभारताचे १७व्या शतकातील प्रसिद्ध टीकाकार नीलकंठ चतुर्धर, ज्यांचे घराणे गोदाकाठच्या कोपरगावचे, ह्यांनीही निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या मिळवून त्यांतून पाठ निश्चित केला. ख्रिस्ती परंपरेत ३ऱ्या शतकात ओरिजेन ह्यांनी आणि ४थ्या-५व्या शतकांत संत जेरोम ह्यांनी हेच केले होते. पाठाची शुद्धी पाहणे हे श्रद्धेच्याच सेवेतील एक काम आहे, ही जाणीव दोन्ही परंपरांत जुनी आहे.

पुण्यातील ग्रंथकार्य

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर ह्या कार्याचे प्रमुख संपादक झाले. केंब्रिज येथे गणिताचे आणि बर्लिन येथे भाषाशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या ह्या विद्वानाने १९३३ मध्ये आदिपर्वाचा खंड पूर्ण केला व त्याला जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेत आपल्या पद्धतीची मांडणी केली. त्यांच्यानंतर डॉ. श्री. कृ. बेलवलकर व डॉ. प. ल. वैद्य ह्यांनी ही धुरा वाहिली आणि १९६६ च्या सप्टेंबरात १९ खंडांचे हे कार्य पूर्ण झाले. त्यासाठी एकूण १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. परंपरेने लक्षश्लोकी मानल्या गेलेल्या ग्रंथाचा निश्चित केलेला पाठ लाख श्लोकांहून कमी ठरला.

ही पद्धत धर्मगुरूंनी समजावून घेण्यासारखी आहे. पोथ्या मोजून बहुमताने पाठ ठरविणे, असे तिचे स्वरूप नाही. एकाच पोथीवरून उतरविलेल्या शंभर पोथ्या म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार होय. म्हणून प्रथम पोथ्यांची कुळे लावली जातात. काश्मीरच्या शारदा लिपीतील, बंगालमधील, देवनागरीतील, तसेच दक्षिणेतील तेलुगू, ग्रंथ व मल्याळम लिप्यांतील परंपरा वेगवेगळ्या केल्या जातात. परस्परांपासून दूर व स्वतंत्रपणे वाढलेल्या दोन परंपरा जेथे एकच पाठ देतात, तेथे तो पाठ त्या दोहोंच्या फाट्यापूर्वीचा, म्हणजे अधिक प्राचीन, मानला जातो. जो उतारा एकाच शाखेत सापडतो आणि ज्याच्यावाचून कथानकाचा ओघ अडत नाही, तो मागाहून आलेला असण्याचा संभव अधिक. तो फेकून मात्र दिला जात नाही. तळटीपेत वा परिशिष्टात त्याची काळजीपूर्वक नोंद केली जाते. जेथे निश्चिती नाही तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ छापलेली असते. ती रेघ वाचकाला सांगते की येथे संपादकाला खात्री नाही. आपण निश्चित केलेला पाठ हा व्यासांच्या मुखातला पाठ आहे, असा दावाही सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचा हा पाठ, इतकाच त्यांचा दावा होता.

ह्या कार्यामुळे श्रद्धाळू वाचकाला प्रिय असलेले काही प्रसंग मुख्य पाठातून बाहेर गेले. गणपतीने व्यासांचा लेखनिक होणे ही कथा त्यांपैकी एक. फ्रँकलिन एजर्टन ह्यांनी संपादिलेल्या सभापर्वात द्रौपदीने वस्त्रहरणाच्या वेळी केलेली श्रीकृष्णाची प्रार्थना तळाशी गेली. तिची लाज राखली जाते, वस्त्रामागून वस्त्र प्रकट होते, पण ते श्रीकृष्णाच्या नामोच्चाराविना. ज्या देशात हा प्रसंग कीर्तनकारांनी पिढ्यान्पिढ्या गायिला, तेथे ही गोष्ट किती बोचली असेल ह्याची कल्पना करावी. तरीही हे कार्य चालू राहिले, आणि ते चालविणारे बहुतेक पंडित महाभारताला पूज्य मानणारेच होते.

विरोध झाला नाही असे नाही. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही ह्यांचे मत असे होते की, मूळ पाठाची पुनर्रचना करण्याच्या भरीस न पडता नीलकंठाचा प्रचलित पाठ छापून त्याखाली पाठभेद द्यावेत. सुकथनकरांनी ह्याला मुद्देसूद उत्तर दिले. नंतरच्या काळातही काही अभ्यासकांनी ह्या आवृत्तीतील वगळलेल्या उताऱ्यांविषयी, विशेषतः द्रौपदीच्या प्रार्थनेविषयी, मतभेद नोंदविले आहेत. परंतु ह्या पद्धतीची एक परीक्षाही झाली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळमधील एक अतिशय जुने हस्तलिखित हाती आले. सुकथनकरांनी ते पूर्वी पाहिलेले नव्हते. पाठ बनविताना त्यांनी जे उतारे मागाहूनचे म्हणून बाजूला काढले होते, त्यांविषयीच्या त्यांच्या निर्णयांना ह्या पोथीने मोठ्या प्रमाणावर दुजोरा दिला. आधी निष्कर्ष, मग नवी साक्ष, आणि त्या साक्षीने निष्कर्षाला मिळालेला आधार, असा हा क्रम आहे. ज्या एकमताला अशी परीक्षा देता येते आणि जे ती देऊन उभे राहते, ते मानण्याजोगे एकमत होय.

एकाच विद्वानाचे दोन निर्णय

येथवर वाचून कोणी म्हणेल की सुकथनकर हे पाश्चात्त्य पंडितांच्या मागे जाणारे विद्वान असावेत. प्रत्यक्षात तसे नव्हते. १९व्या शतकात युरोपातील महाभारताच्या अभ्यासकांत असे मत रूढ झाले होते की, मूळ ग्रंथ ही एक लहानशी वीरगाथा होती आणि नीती, धर्म, तत्त्वज्ञान हा सारा भाग ब्राह्मणांनी मागाहून लादला. अडोल्फ होल्ट्झमन ह्यांनी तर मूळ कथेत कौरवच नायक होते व पांडव खलनायक होते, पुढे सारे उलटे केले गेले, असा सिद्धांत मांडला. मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने दिलेल्या आपल्या शेवटच्या व्याख्यानमालेत सुकथनकरांनी ह्या मतांचा कठोर समाचार घेतला. मालिका पूर्ण होण्यापूर्वीच २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. ती व्याख्याने १९५७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ग्रंथ जसा आपल्यापुढे आहे तसा समग्र वाचावा, त्याचा अर्थ त्याच्या समग्रतेत शोधावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

ही विसंगती नव्हे. गणपतीची कथा बाजूला ठेवताना त्यांच्यापुढे पोथ्यांची साक्ष होती. कौरव हे मूळचे नायक होते, ह्या मताला एकाही पोथीचा आधार नव्हता. तेथे होती केवळ ग्रंथ असा असावयास हवा होता ही अभ्यासकाची कल्पना. पहिल्या प्रकारच्या निर्णयापुढे सुकथनकर, आपली आवड बाजूला ठेवून, नमले. दुसऱ्या प्रकारच्या मताला, ते कितीही प्रतिष्ठित असले तरी, त्यांनी पुराव्याची मागणी केली.

आपल्या वाचकांना आवर्जून सांगण्यासारखी गोष्ट अशी की, महाभारताची एकात्मता प्रतिपादन करणारा ग्रंथ १८९५ मध्ये एका येशूसंघीय धर्मगुरूने, योसेफ डाल्मन ह्यांनी, लिहिला होता. तत्कालीन मान्यवर पंडितांनी त्यांचे मत जवळजवळ एकमुखाने फेटाळले. सुकथनकरांनीही त्यांचे सारे म्हणणे मान्य केले नाही, पण त्या एकाकी अभ्यासकाला बहुतांहून अधिक काही दिसले होते, हे त्यांनी ओळखले. एखादे मत एकट्याचे आहे म्हणून त्याज्य ठरत नाही. अर्थात, ते एकट्याचे आहे म्हणून धाडसी आणि खरे ठरते, असेही नाही.

आपल्या शुभवर्तमानाचा पाठ

आता हा विवेक आपल्या ग्रंथाला लावून पाहू. मार्ककृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या १२ ओव्या (१६:९-२०) ४थ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन ह्या दोन प्रमुख हस्तलिखितांत नाहीत. तेथे ग्रंथ ८व्या ओवीशी, कबरेपासून भयभीत होऊन पळणाऱ्या स्त्रियांपाशी, थांबतो. उलटपक्षी संत इरेनियस ह्यांना २ऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या समाप्तीतील मजकूर ठाऊक होता. संत जेरोम ह्यांनी ती आपल्या लॅटिन भाषांतरात ठेवली, मात्र बहुतेक ग्रीक प्रतींत ती आढळत नाही अशी नोंदही केली. व्यभिचारिणी स्त्रीचा प्रसंग (योहान ७:५३-८:११) योहानाच्या सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत नाही; काही प्रतींत तो वेगळ्या जागी, तर काहींत लूकच्या २१व्या अध्यायानंतर सापडतो. हे दोन्ही उतारे मागाहून त्या जागी आले, हे मत आज निरनिराळ्या मंडळ्यांच्या अभ्यासकांत सर्वसाधारणपणे मान्य आहे, आणि ते हस्तलिखितांच्या साक्षीवर उभे आहे. म्हणजे हे पहिल्या प्रकारचे एकमत होय. ते मान्य करण्यास आपण कचरू नये.

परंतु मान्य करावयाचे ते नेमके काय? मार्कने स्वहस्ते ही समाप्ती लिहिली नाही, इतकेच. ती शास्त्राचा भाग नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४६ मध्ये शास्त्राच्या पुस्तकांची यादी निश्चित केली, ती पुस्तके मंडळीत वाचली जात असलेल्या रूपात, त्यांच्या सर्व भागांसह. लेखक कोण हा एक प्रश्न आहे आणि मंडळीने शास्त्र म्हणून काय स्वीकारले हा दुसरा. ह्या दोहोंची गल्लत आपले टीकाकारही करतात आणि आपले कैवारीही करतात. योहानातील त्या प्रसंगाविषयी संत ऑगस्टीन ह्यांचा तर्क असा होता की, त्यामुळे व्यभिचाराला मोकळीक मिळेल ह्या भयाने काहींनी तो आपल्या प्रतींतून काढला असावा. हा तर्क ग्रीक हस्तलिखितांच्या साक्षीपुढे टिकणे कठीण आहे. पण पाठातील अडचण लपवून न ठेवता तिची जाहीर चर्चा करणारे मंडळीचे आचार्य किती निर्भय होते, हे त्यावरून दिसते.

ह्याच्या उलट उदाहरणही आपल्या इतिहासात आहे. योहानाच्या पहिल्या पत्रातील ५:७-८ येथे स्वर्गातील तीन साक्षीदारांचे जे वाक्य लॅटिन प्रतींत होते, ते प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाही. इरास्मस ह्यांनी १५१६ व १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत ते घातले नव्हते. विरोध झाल्यावर १५२२ मध्ये घातले. १८९७ मध्ये रोमच्या होली ऑफिसने ह्या वाक्याची अस्सलता नाकारणे सुरक्षित नाही, असे उत्तर दिले. पुढे १९२७ मध्ये त्याच कार्यालयाने खुलासा केला की, अभ्यासकांना ह्या प्रश्नाचा विचार करण्यास, आणि साक्षीपुरावा तोलून त्याच्या विरोधी मताकडे झुकण्यासही, मोकळीक आहे. १९७९ च्या नव्या अधिकृत लॅटिन बायबलात ते वाक्य नाही. ह्यामुळे त्रैक्याची शिकवण ढळली काय? मुळीच नाही. ती शिकवण ह्या एका वाक्यावर कधीच उभी नव्हती. पण जो धर्मशिक्षक एखादे सत्य सिद्ध करण्यासाठी ह्याच वाक्यावर भिस्त ठेवील, त्याच्या विद्यार्थ्याचा विश्वास मात्र एखाद्या तळटीपेनेही ढळेल, आणि त्या हानीची जबाबदारी तळटीपेवर टाकता येणार नाही.

अनुमानावर उभे असलेले एकमत

दुसऱ्या प्रकारच्या एकमताची उदाहरणेही पाहावीत. १९व्या शतकात ट्युबिंगेनचे फेर्डिनांड बाऊर व त्यांचे अनुयायी योहानाचे शुभवर्तमान २ऱ्या शतकाच्या उत्तरार्धात आणीत असत. मंडळीच्या विचारांची वाढ कशी झाली असावी ह्याविषयीच्या एका तत्त्वज्ञानावर त्यांचे हे मत आधारलेले होते. १९३५ मध्ये मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयातील पपायरसचा एक लहानसा तुकडा प्रसिद्ध झाला. त्यावर योहानाच्या १८व्या अध्यायातील काही ओळी आहेत, आणि अक्षरवळणावरून तो २ऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील ठरविण्यात आला. बाऊर ह्यांचा कालनिर्णय ह्यामुळे फार अवघड झाला.

आपल्या व्यासपीठांवरून हा तुकडा तेव्हापासून मोठ्या आनंदाने दाखविला जातो. पण येथेही तेच माप लावले पाहिजे. ब्रेंट नाँगब्री ह्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, केवळ अक्षरवळणावरून इतका नेमका काळ सांगता येत नाही. २ऱ्या शतकाचा उत्तरार्ध, किंबहुना ३ऱ्याचा प्रारंभही शक्यतेच्या कक्षेत ठेवावा लागतो. म्हणजे आपल्याला आवडणारे एकमतही दुरुस्तीला पात्र असते. ह्याहून बोलके उदाहरण २०१२ चे आहे. मार्ककृत शुभवर्तमानाचा १ल्या शतकातील तुकडा सापडल्याची घोषणा त्या वर्षी एका जाहीर वादात करण्यात आली आणि ती जगभरच्या प्रवचनांत शिरली. २०१८ मध्ये तो तुकडा प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा काळ २ऱ्या शतकाच्या अखेरीचा वा ३ऱ्याच्या प्रारंभीचा असल्याचे निष्पन्न झाले. तुकडा मौल्यवानच आहे. घाईने त्याच्यावर जे ओझे लादले गेले, ते मात्र त्याला पेलवले नाही.

पंचग्रंथाचे उदाहरणही असेच आहे. यूलियस वेलहाउसेन ह्यांनी १८७८ मध्ये मांडलेली चार स्रोतांची उपपत्ती जवळजवळ शंभर वर्षे अभ्यासक्रमांतून सिद्धांतासारखी शिकविली गेली. १९७५ ते १९७७ ह्या काळात जॉन व्हॅन सेटर्स, हान्स हाइनरिख श्मिड आणि रोल्फ रेन्टॉर्फ ह्यांच्या ग्रंथांनी तिच्या पायालाच हात घातला, आणि आज त्या रूपात ती सर्वमान्य राहिलेली नाही. ह्यावरून ‘विद्वान खोटे ठरले, मोशेने सर्व लिहिले हेच सिद्ध झाले’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी सावध व्हावे. चार स्रोतांची उपपत्ती मोडकळीस आणणारे अभ्यासकही पंचग्रंथ अनेक हातांतून व अनेक टप्प्यांतून घडला असेच मानतात. एक स्पष्टीकरण कोसळले म्हणजे ज्या निरीक्षणांमुळे त्या स्पष्टीकरणाची गरज भासली, ती निरीक्षणेही नाहीशी झाली, असे होत नाही.

विश्वसनीयता म्हणजे काय?

शेवटी मूळ प्रश्न उरतो. शास्त्र विश्वसनीय आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो? पाठ आपल्यापर्यंत सुरक्षित पोहोचला आहे, हा एक अर्थ. त्यात सांगितलेल्या घटना घडल्या, हा दुसरा. आपल्या तारणासाठी देवाला जे सांगावयाचे होते ते त्यात निर्दोषपणे सांगितले आहे, हा तिसरा. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६५ मध्ये ‘देई व्हर्बुम’ ह्या प्रलेखात शास्त्राच्या सत्याचा विचार तारणाच्या संदर्भात केला, लेखनप्रकार ओळखून अर्थ लावण्यास सांगितले, आणि त्याबरोबरच शुभवर्तमानांची ऐतिहासिकताही ठामपणे प्रतिपादिली. ह्यांतील एक अर्थ पुढे करून दुसऱ्यापासून पळ काढणे आपल्याला शक्य नाही.

ह्या संदर्भात इंदूरचेच एक उदाहरण घेण्यासारखे आहे. १९२६ च्या मुंबईच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, इंदूरचे सरदार माधवराव किबे, ह्यांनी रावणाची लंका म्हणजे सिंहलद्वीप नव्हे, ती मध्य भारतात अमरकंटकाच्या परिसरात होती, असे मत हिरिरीने मांडले. रूढ समजुतीच्या ते सर्वस्वी विरुद्ध होते. पुढे महेश्वरसमोर नावडातोली येथे उत्खनन केलेले डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया ह्यांनीही १९७३ च्या आपल्या रामायणविषयक पुस्तकात लंका मध्य भारतातच शोधली. ह्या प्रश्नाचा निर्णय काहीही लागो, रामनवमीला रामायण वाचणाऱ्याची उपासना त्यासाठी थांबत नाही. आपले थोडे निराळे आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ होय, ही कसोटी प्रेषित पौलानेच आपल्यापुढे ठेवली. पंतय पिलाताच्या अमलाखाली घडलेल्या एका घटनेची कबुली आपण दर रविवारी विश्वासांगीकारात देतो. म्हणून इतिहासाच्या चौकशीकडे पाठ फिरविणे इतर कोणाला परवडले तरी आपल्याला परवडणारे नाही. ती चौकशी पुनरुत्थान ‘सिद्ध’ करू शकत नाही. पण साक्षीदार होते, त्यांची साक्ष लवकर नोंदविली गेली, ती साक्ष बव्हंशी सुरक्षित पोहोचली आणि कोठे शंका आहे तेही आपल्याला ठाऊक आहे, एवढे ती सांगू शकते. श्रद्धेचा निर्णय त्यापुढचा आहे, आणि तो विद्वानांच्या सभेत होत नसतो.

धर्मगुरू व धर्मशिक्षक ह्यांनी व्यवहारात काय करावे? ‘विद्वानांचे एकमत आहे’ असे कोणी म्हटले की तीन गोष्टी विचाराव्यात: हे मत कोणत्या साक्षीवर उभे आहे, त्या साक्षीचा दुसरा अर्थ लावणारे जाणते अभ्यासक आहेत काय, आणि कोणता नवा पुरावा आला तर हे मत बदलावे लागेल. ज्या मताला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरच देता येत नाही, ते विद्वत्तेचे मत नसून गृहीत असण्याचा संभव आहे. हेच तीन प्रश्न आपण आपल्या आवडत्या समर्थनग्रंथांनाही विचारावेत. शेजाऱ्याच्या शास्त्राविषयी बोलताना, जे विधान बायबलविषयी केलेले आपल्याला अन्यायाचे वाटेल, तसे विधान गीतेविषयी, पुराणांविषयी वा कुराणाविषयी करू नये. आणि विद्यार्थ्यापासून तळटीप लपवू नये. जे त्याला उद्या परक्याकडून कळणार आहे, ते त्याला आज आपल्याकडून कळावे.

ह्याला सोयीची वेळही उपासना-वर्षातच आहे. २५ एप्रिलला संत मार्कच्या सणाला नेमके १६:१५-२० हेच वाचन येते. त्या दिवशी प्रवचनात दोन वाक्यांत सांगावे की, ह्या ओळी मार्कच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत, तरी त्या अतिप्राचीन आहेत, आणि मंडळीने त्या शास्त्र म्हणून जपल्या आहेत. मग त्यांतील आज्ञेविषयी, सर्व जगात जाऊन शुभवर्तमान गाजविण्याविषयी, नेहमीप्रमाणे बोलावे.